एकशे बारा विभागात मी बोलले ते

माझं आणि एमेटचं लग्न ठरलंय.

...नाही. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. आम्ही हेरन्स या बेसबॉल संघाची माणसं. गोष्ट पूर्ण होईपर्यंत आम्ही तिचं नाव काढत नाही.

जूनमधली दुपार होती. स्टेडियममधला आमचा नेहमीचा एकशे बारा विभाग, एका बाजूला आजोबा. पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, आमचा जिमी व्हिटेकर. वय एकेचाळीस, गुडघ्याची तीन ऑपरेशनं. मी सहा वर्षांची असताना त्याने मला अर्धं च्युइंगम दिलं होतं. तेव्हापासून मी त्याची. ते चघळलेलं नव्हतं, असं आजोबा म्हणतात. मला तेवढी खात्री नाही.

दुसऱ्या बाजूला एक अनोळखी तरुण येऊन बसला. राखाडी डोळे, दोन्ही हातांत हॉट डॉग. नऊपैकी पाचव्या इनिंगला त्याने सहज तिकीट पाहिलं आणि दचकला.

"सॉरी... माझी जागा एकशे एकवीस विभागात आहे. निघतो."

"खाली बस!" अख्खा विभाग ओरडला.

मी मुकाट्याने माझं स्कोअरकार्ड त्याच्यापुढे धरलं. समोरच्या संघाच्या नावावर एकही हिट नव्हती; व्हिटेकरला फटकावून कुणी पहिला टप्पासुद्धा गाठला नव्हता. हे शेवटपर्यंत टिकलं तर इतिहास! पण तोवर कुणी त्याबद्दल बोलायचं नाही, कुणी जागा सोडायची नाही, नाहीतर नजर लागते.

"पण मला बाथरूमला—"

"बाळा," आजोबा म्हणाले, "मी साठ वर्षं थांबलोय. तू चार इनिंग थांब."

तो थांबला. दुसरा हॉट डॉग त्याने मला दिला. मोहरी माझ्या बाहीवर सांडली. त्याने रुमालाने पुसली... जरा जास्तच वेळ पुसली.

"मी एमेट. तुम्ही नेहमी अशी माणसं डांबून ठेवता?"

"मी ऑड्री. बरी दिसली तरच."

नववी इनिंग. दोन बाद. एकच उरला. आणि माझ्या लक्षात आलं – आता व्हिटेकर इतिहासात जाणार, आणि एमेट बाथरूमला. तिथून थेट घरी.

"एमेट," मी पुटपुटले, "हा सामना... संपूच नये असं वाटतंय मला."

टक्! चेंडू आमच्या शॉर्टस्टॉपच्या, त्या क्षेत्ररक्षकाच्या, ग्लोव्हला लागून गवतात घरंगळला. फलकावर अक्षरं उमटली : हिट.

अख्खा विभाग माझ्याकडे वळला. आजोबांनी टोपी तोंडावर ओढली. "ऑड्री... तू बोललीस?"

एमेट आता मोकळा होता. तो उठला. मी स्कोअरकार्डात डोकं खुपसलं.

"माझी जागा धरून ठेव," तो म्हणाला. "इथलीच." आणि धावत सुटला.

पुढचा फलंदाज लगेच बाद झाला. आम्ही जिंकलो. कुणी टाळी वाजवली नाही. एमेट परत आला तेव्हा मैदान रिकामं होत होतं. तरी तो माझ्याशेजारीच बसला.

प्रति,
अधिकृत गुणलेखक

विषय : 'हिट'ची नोंद बदलून 'क्षेत्ररक्षकाची चूक' अशी करून मिळण्याबाबत.

महोदय,
चेंडू ग्लोव्हला लागला होता; चूक क्षेत्ररक्षकाची ठरली, तर एकही हिट न दिल्याचा व्हिटेकर यांचा इतिहास शाबूत राहतो. सोबत स्कोअरकार्ड (मोहरीच्या डागासह) जोडले आहे. नोंद बदलेपर्यंत आजोबा मला चर्चमध्ये हात धरून नेणार नाहीत. समारंभ ऑक्टोबरात आहे. कशाचा, ते येथे नमूद करता येत नाही. तरी सदर नोंद तत्पूर्वी दुरुस्त करून मिळावी, ही नम्र विनंती.