बनवणाऱ्याचं नाव

मीनाक्षी, दार लोटून घे आणि इथे जवळ बस, मैत्रीण म्हणून फक्त तुलाच सांगतेय. माझ्या अनीशला यातलं अर्धंच माहीत आहे, आणि तेवढंच राहू दे.

नाशकात तीस वर्षं मी मॅक्रमेचे, दोऱ्यांच्या गाठकामाचे क्लास घेतले गं. इथे अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे नुसतं बसून हात शिवशिवायला लागले होते. एका रविवारी अनीश जुनं शिडाचं जहाज दाखवायला घेऊन गेला, आता म्युझियम केलंय त्याचं. तिथल्या म्हाताऱ्या गाईडला खलाशांना मारायच्या चाबकाची नक्कल हवी होती. नऊ दोऱ्या, प्रत्येकीला तीन गाठी. म्हटलं, त्यात काय मोठंसं! आठवड्यात करून दिला.

द्यायला गेलो तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं. अनीश वर डेकवर फोटो काढत राहिला, मी खाली गेले. गाईडने लेबल पुढे केलं, बनवणाऱ्याचं नाव लिहा म्हणाला. मी व्हिजिटर व्हिसावर! काम केलं म्हणून कुणी हटकलं तर? नसती आफत. दिलं ठोकून अनीशचं नाव.

ते वाचून गाईड हसला. "या जहाजावर ज्याला फटके मारायचे, त्यालाच चाबूक वळायला लावायचे. बाकीचे खलाशी टोप्या काढून बघत उभे राहायचे."

तेवढ्यात डोक्यावर पावलं वाजली. अनवाणी. दोन, मग दहा, मग कितीतरी...

"ग्रुप आलाय का?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही... आज तुम्ही दोघंच आहात."

डांबराचा उग्र वास सुटला. आणि सगळी पावलं एकदम थांबली.

गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढले. डेकवर चिटपाखरू नव्हतं. अनीश एका उभ्या लाकडी जाळीला छाती लावून, हात पसरून उभा होता. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत फाटलेला.

"आई... हात सुटत नाहीयेत."

"अनीश, थट्टा पुरे."

"आई, माझ्या मागे कोण आहे?"

कुणी नव्हतं गं! पण हवेत दोऱ्या झटकल्याचा आवाज झाला. मी त्याच्या पाठीवर अंग टाकलं आणि मराठीतच ओरडले, "चाबूक मी वळलाय! त्याचं नाव खोटं लिहिलंय, माझं लिहा!"

त्याचे हात सुटले. पर्स आणायला खाली गेले, तर लेबलवर अनीशचं नाव खोडलेलं. खाली माझं माहेरचं पूर्ण नाव. ते मी तिथे कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आता ही माझी पाठ बघ. रोज दुपारी नऊ वळ उठतात, प्रत्येकावर तीन गाठींच्या खुणा. आजचे अजून ओले आहेत. भीती वाटते गं, फार भीती वाटते. काल गाईडला फोन करून विचारलं, किती फटके असायचे? म्हणाला, कॅप्टन आधीच आकडा जाहीर करायचा, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

मला कुणीच आकडा सांगितलेला नाही. आणि तू अनीशजवळ चकार शब्द काढू नकोस. वेडा आहे तो, लगेच तिथे जाऊन माझं नाव खोडेल आणि स्वतःचं लिहील.