मनामातला मुका ऑर्गन

"यल्ला, चला! शनिवारी हे भंगार सित्र्याच्या मोडबाजारात!" मॅनेजर सदानंदकाकांनी फर्मावलं आणि रोज थिएटरात सुताराच्या हाताखाली रमणाऱ्या उल्का-विवेक या भावंडांच्या सुट्टीचा विचका झाला.

भंगार म्हणजे मनामातल्या सिनेमागृहाचा ऑर्गन. मूकपटांना साथ द्यायला विलायतेत बनलेला, तिथलं थिएटर बंद पडल्यावर बोटीने बहारीनला आलेला. पंख्याने हवा सोडली की पडद्यामागच्या तीनशे नळ्या गायच्या. थिएटरचे सुतार दाजी दोन वर्षं त्याच्या भात्यांना नवं चामडं लावत होते. मेमध्ये तो सुरेख वाजला, जूनमध्ये गप्प झाला. दाजींनीच बिघडवला, असं ठरवून काकांनी त्यांचा व्हिसाही खलास केला. शनिवारीच विमान होतं.

काकांना सुराचा गंध नव्हता, पण टाय झकास बांधायचे. त्यांनी आणलेला तज्ज्ञ त्यांच्याहून थोर! ऑर्गनला हातही न लावता त्याने 'हवामानाचा दोष' असा रिपोर्ट लिहिला, सरबत प्याला नि गेला.

दाजी हत्यारं बांधत होते. कोकणात भजनाच्या पेट्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली.

"पेटी गप झाली की आधी भातो बघूचो," ते म्हणाले. "पण जूनात एसी बसवल्यापासून पंख्याच्या खोलयेची चावी सायबाकडे."

साहेब म्हणजे काका दुपारी एक ते चार घोरायचे. कामाच्या वेळेतली ही एकच गोष्ट ते मन लावून करत. विवेकने त्यांच्या डोक्यावरच्या खिळ्यावरून चावी अलगद काढली.

खोलीत पंखा घरघरत होता. हवा आत घेणाऱ्या भिंतीतल्या भोकाशी उल्काने तिकिटाचा कपटा धरला, तर तो हलेचना. तिने हात घातला. आत गच्च कोंबलेली तीन गोणपाटं!

आवाज ऐकून वॉचमन अन्सार आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "साहब ने ही ठुँसवाया. बोले, एसी की ठंडी हवा बाहर जाती है."

विवेकने गोणपाटं उपसली. उल्काने धावत जाऊन पट्टी दाबली आणि अख्खं थिएटर दणाणलं. काका एकाच बुटात धावत आले, मागोमाग मालकीण हमीदाबाई. अन्सारने सगळं सांगितलं.

"मला शंका होतीच," काका म्हणाले. इतक्या निगरगट्टपणाची मुलांनाही लाज वाटली.

हमीदाबाईंनी मुलांची पाठ थोपटली, दाजींचं जाणं रद्द केलं आणि चावी त्यांच्या हातात दिली. दाजींनी ती करदोट्याला बांधली.

"आता निजा, सायब," ते शांतपणे म्हणाले. "वारो चालू आसा."