कोड्यातली पहिली अक्षरे

सावित्री पांचाळ आली तेव्हा आबा सुर्वे ओटीवर सुपारी कातरत बसले होते आणि धाकूमास्तर झोपाळ्यावर पेंगत होते.

आबांचा सारा जन्म बंदरावर, इंग्रज सरकारच्या जकातखात्यात गेला होता. पेन्शन घेतल्यावर ते रत्नागिरीत खासगी तपासाची कामे करू लागले. गलबतातून नाहीसा झालेला माल असो की एखाद्याने खोटा सांगितलेला वारस, लोक आबांकडे येत. शेजारचे धाकूमास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. ते प्रत्येक तपासात बरोबर असत आणि त्यांचा तर्क सर्वांत आधी तयार असे. तो बहुधा चुकत असे, पण त्याचे त्यांना वाईट वाटत नसे.

सावित्रीने पदराआडून वर्तमानपत्राची तीन कात्रणे काढून आबांपुढे ठेवली. गावातल्या साप्ताहिकात त्या वर्षी शब्दकोडी येऊ लागली होती. खाली नाव नसे, फक्त ‘एक वाचक’ असे छापलेले. प्रत्येक कोड्याला एक विषय. आडवे शब्द ओळखले, की त्यांची पहिली अक्षरे अनुस्वार सोडून ओळीने वाचायची. ते कोड्याचे शेवटचे उत्तर.

तिने पहिले कात्रण पुढे सरकवले. विषय होता स्वयंपाकघर. मीठ, चुलाण, कढई, लोणचे.

“मी चुकलो,” मास्तरांनी वाचले.

दुसऱ्याचा विषय परसबाग. पपनस, रताळे, ताड, वेखंड. उत्तर, परतावे.

तिसऱ्याचा विषय गोठा. शिंग, वशिंड, रातराणी, मलई. त्यातल्या ‘रातराणी’ची खूण अशी छापली होती: काळ्या गाईला शोभेल असे फुलाचे नाव.

“शिवराम,” मास्तर म्हणाले. “हा कोण?”

“माझा दादा,” सावित्री म्हणाली.

मग तिने सगळे सांगितले. तिचे वडील भागोजी मेस्त्री भाट्याच्या खाडीकाठी गलबते बांधत. शिवराम त्यांचा एकुलता मुलगा. हाताला कसब होते, पण मन शब्दांत. कुणा खलाशाने त्याला मुंबईच्या इंग्रजी पेपरातले शब्दकोडे दाखवले आणि तो मराठीत तशी कोडी रचू लागला. कागद मिळाला नाही तर फळीवर चौकटी आखायचा. एकदा नव्या गलबताच्या फळ्यांवर त्याने असेच एक कोडे लिहिले. गलबताचा मालक पाहायला आला आणि हसला. भागोजींनी सगळ्यांसमोर रंधा घेऊन ती अक्षरे तासून टाकली आणि मुलाला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितले. त्याने ते खरे केले. नऊ वर्षे झाली. पहिली दोन वर्षे तो मुंबईत असल्याचे कानावर येई, नंतर तेही थांबले. त्या दिवसापासून भागोजींनी घरात मुलाचे नाव उच्चारले नव्हते.

“म्हणजे तो परत यायला बघतोय,” मास्तर म्हणाले. “मी चुकलो, परतावे काय, आणि खाली सही.”

“मीही तसंच वाचलं. आणि आईला सांगितलं.” सावित्रीचा आवाज खाली गेला. “आई पावसाळ्यापासून अंथरुणाला होती. ऐकलं नि उठून बसली. आता रोज त्याचं ताट वाढून ठेवते. आबा, तो दादाच असेल तर कुठे आहे ते शोधा. आणि कोणी थट्टा करत असेल, तर ते मला आधी कळू दे. आईला मी काय सांगू ते ठरवायला हवं.”

आबांनी कात्रणे पुन्हा पाहिली. ही तिन्ही कोडी याच क्रमाने सुटली का, असे त्यांनी विचारले. सावित्री म्हणाली, होय. गोठ्याचे कोडे तिला सगळ्यांत शेवटी मिळाले. गणपतीत ती आईच्या आजारपणात गुंतली होती, तेव्हाचे अंक राहून गेले होते. आठवड्यापूर्वी तिने जुना अंक मागून आणला.

*

साप्ताहिकाचे संपादक रघुनाथराव लिमये यांनी दोघांना छापखान्यातच बसवले. कोडी कोण पाठवतो हे त्यांनाही ठाऊक नव्हते. सकाळी दार उघडले की पाकीट उंबऱ्याच्या आत पडलेले असे. त्यावर तिकीट नाही, टपालाचा शिक्का नाही. पहिले गणपतीत आले, दुसरे दसऱ्याला, तिसरे दिवाळीत. वाचकांना आवडली म्हणून छापली.

कोड्याचा मूळ कागद लिमयांनी जपून ठेवला होता. चौकटीच्या रेघा जाड होत्या, पण दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या. अक्षरे कुठे जाड, कुठे एकदम बारीक. बोरूने लिहिले असावे, असे लिमये म्हणाले. आबांनी ओले बोट एका रेघेवर फिरवले. शाई फुटली नाही. बोटाला करडा डाग लागला.

बाहेर पडताच मास्तरांनी तर्क सांगितला. पाकिटाला तिकीट नाही, म्हणजे शिवराम गावातच लपला आहे.

“स्वतःच्या गावात नऊ वर्षांनी लपून राहायचं आणि कोणाला दिसायचं नाही?” आबा म्हणाले. “आपल्याकडे एक परका कोंबडा आला तरी चार घरांना कळतं.”

संध्याकाळी ते सावित्रीच्या नवऱ्याला भेटले. विठ्ठल पांचाळ शाळेत चित्रकला शिकवी. दिवाळीचे कोडे नवराबायकोने मिळून सोडवले होते. सासूबाई उठून बसल्या याचा त्याला फार आनंद झालेला दिसत होता. त्याने आबांना मुलांची चित्रे दाखवली. टेबलावर टोके काढलेल्या गोल पेन्सिली होत्या आणि त्याच्या रेघा केसासारख्या बारीक होत्या. उन्हाळ्यापासून तो परीक्षेसाठी कोल्हापुरात होता. दसरा झाल्यावर परतला. सासूबाईंच्या आजारपणात आपण जवळ नव्हतो, ही रुखरुख त्याने स्वतःच बोलून दाखवली.

मास्तरांना आता जावयाचा संशय आला. सासूला धीर द्यावा म्हणून त्याने मेव्हण्याच्या नावाने कोडी रचली असतील, असे ते वाटभर समजावून सांगत राहिले. आबांनी ऐकून घेतले.

*

दुसऱ्या दिवशी दोघे भाट्याला गेले. भागोजी मेस्त्री माडांखालच्या मांडवात एका होडीच्या फळीवर खुणा करत होते. उंच, वाळलेले गृहस्थ. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, फळीवर एक जाड रेघ ओढली, मग पेन्सिल हातातच फिरवून तिच्या शेजारी एक बारीक ओढली. पाहुण्यांना बसायला ओंडका दिला. आबांनी कोड्यांचा विषय काढला, तेव्हा त्यांनी आपण असल्या गोष्टींत लक्ष घालत नाही एवढेच सांगितले आणि काम चालू ठेवले.

घरात यमुनाबाईंनी पाहुण्यांना दूध दिले. अंगाने काडी झाली होती, पण हालचालीत उत्साह होता. चुलीशेजारी पाट मांडून त्यावर एक ताट पालथे घातलेले होते. दोघांनीही त्याकडे पाहिले.

मास्तर गोठ्यापाशी गेले. काळीभोर गाय दाव्याला ओढ देत त्यांचा हात चाटू लागली.

“रातराणी, गप,” यमुनाबाई म्हणाल्या. मग हसून त्यांनी सांगितले, की सावित्रीचे लग्न झाले तेव्हा ही आपल्या आईच्या पोटात होती. लग्नानंतर आठवड्याने तिची आई व्याली. नाव सावित्रीच्या बाबांनी ठेवले. सावित्रीच्या लग्नाला भाऊ नव्हता, लाजाहोमाला भाऊ म्हणून चुलत्याचा मुलगा उभा राहिला, हेही त्यांनी सांगितले आणि पदराने डोळे पुसले.

परतताना दोघे खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या होडीत बसले. आबा म्हणाले, “मास्तर, मला उत्तर सापडलं. पण ते सांगितलं तर एक आशा मोडते.”

*

चार दिवसांनी आबांनी सावित्री, विठ्ठल आणि लिमये यांना भागोजींच्या मांडवात बोलावले. ऊन उतरले होते. भागोजींनी हातातली करवत ठेवली आणि उभेच राहिले.

“मेस्त्री,” आबा म्हणाले, “तुम्ही सांगा म्हणालात तर बोलतो. नको म्हणालात तर आम्ही इथूनच परत जातो.”

भागोजींनी हातांवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, “सांगा. मला सांगता येत नाही म्हणून तर एवढं केलं.”

सावित्रीने वडिलांकडे वळून पाहिले.

आबांनी तिन्ही कात्रणे फळीवर मांडली. पाकिटाला तिकीट नव्हते, ते म्हणाले, तेव्हा पाठवणारा इथलाच. पण कोडे रचणाऱ्याला काळी गाय म्हटल्यावर रातराणी आठवली. ती गाय शिवराम गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, सावित्रीच्या लग्नानंतर जन्मली. शिवरामाला ते नाव माहीत असण्याचे कारण नाही. म्हणजे रचणारा आज या घरात वावरणारा माणूस. ‘मी चुकलो’ असे पुरुषच म्हणेल, त्यामुळे यमुनाबाई आणि सावित्री गेल्या. राहिले दोघे. गोठ्याचे पाकीट छापखान्यात पडले तेव्हा विठ्ठल कोल्हापुरात होता. शिवाय कागदावरच्या रेघा त्याच्या गोल पेन्सिलीच्या नव्हत्या. ती चपटी पेन्सिल होती, एका अंगाने जाड उठणारी, दुसऱ्या अंगाने बारीक. सुताराची.

“पण खाली सही दादाची आहे,” सावित्री म्हणाली.

“खाली नाही, बाय. ते कोडं तुला शेवटी मिळालं म्हणून तू नाव शेवटी लावलंस. छापून ते पहिलं आलं, गणपतीत. आता त्या क्रमाने वाच.”

सावित्रीने कात्रणांची जागा बदलली. शिवराम. मी चुकलो. परतावे.

“म्हणजे हे दादानं आपल्याला लिहिलेलंच नाही,” ती हळू म्हणाली. “तुम्ही त्याला लिहिलंत.”

भागोजी ओंडक्यावर बसले. ते सांगू लागले. मुलगा गेल्यावर त्याचे कागद त्यांनी माळ्यावरून काढून पाहिले होते. आधी रागाने, मग समजून घ्यायला. रोज मांडवातून सगळे गेले की एक एक कोडे सोडवायचे. पुढे स्वतः रचू लागले. हे साप्ताहिक मुंबईच्या खोल्यांतून, गोद्यांतून, बोटींवरून आपल्या माणसांपर्यंत जाते हे त्यांना ठाऊक होते. शिवराम जिवंत असेल आणि त्याला शब्दकोडे दिसले, तर तो ते सोडवल्याशिवाय राहणार नाही, एवढाच त्यांचा भरवसा.

“त्याची अक्षरं मी चारचौघांत तासली,” ते म्हणाले. “मग चारचौघांतच लिहायला हवं होतं. पण उघड लिहायचं धैर्य झालं नाही. कोड्यात घातलं.”

सावित्रीला रडू आवरले नाही. दादा कुठेच सापडला नव्हता आणि आईच्या डोक्यात तिनेच तो आणून बसवला होता. आता तिला काय सांगायचे, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. विठ्ठलने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तिला मी सांगतो,” भागोजी म्हणाले आणि उठून घरात गेले.

आत काय बोलणे झाले ते कोणाला ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने यमुनाबाई मांडवाच्या दारात आल्या. डोळे सुजले होते, पण पाय स्थिर होते. त्यांनी संपादकांना विचारले, कोड्याखाली यांचे नाव होते का. लिमये म्हणाले, नव्हते.

“मग बिननावाच्या माणसाला माझा मुलगा ओळखणार कसा?” त्या म्हणाल्या. “पुन्हा छापा. आणि खाली नाव घाला. पुरतं.”

भागोजींनी मान हलवली. त्या आठवड्यात तिन्ही कोडी एकत्र, ओळीने छापून आली. खाली ठळक अक्षरांत: भागोजी मेस्त्री, भाट्ये.

*

गावात चार दिवस बोलणे झाले आणि थांबले. पौष गेला, माघ गेला. पालथे ताट तिथेच होते, पण यमुनाबाई आता पुन्हा कमी जेवू लागल्याचे सावित्रीने आबांना सांगितले. आबांकडे त्यावर उपाय नव्हता. आपण हे काम घेतले नसते तर बरे झाले असते का, असे एकदा त्यांनी मास्तरांनाच विचारले.

शिमगा सरला आणि एका सकाळी लिमयांनी निरोप पाठवून आबा आणि मास्तरांना छापखान्यात बोलावले. कोड्यांची उत्तरे अजून अधूनमधून येत. त्यांतले एक कराचीच्या गोदीतून आले होते. ते चुकले होते, असे लिमये म्हणाले. पाठवणाऱ्याने स्वयंपाकघराच्या कोड्यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती आणि एक शब्द जास्त घातला होता.

आबांनी चष्मा शोधेपर्यंत मास्तरांनी कागद घेतला. शाळेत मुलांना वाचायला लावावे तसे ते बोट ठेवत मोठ्याने वाचू लागले. मीठ. चकली. चुलाण. कढई. लोणचे.

मास्तर थांबले. पहिल्या अक्षरांवरून त्यांनी पुन्हा बोट फिरवले.

“मीच चुकलो,” ते म्हणाले. “आबा, तो म्हणतोय, मीच चुकलो.”

कागदाखाली नाव होते. शिवराम भागोजी मेस्त्री.

तरीने पलीकडे जाताना मास्तरांनी तो कागद छातीशी धरून ठेवला होता. आबांनी तो मागितला नाही. मांडवात भागोजींनी हात धोतराला पुसून कागद घेतला आणि प्रत्येक चौकट बोटाने शिवत गेले. वाढवलेल्या ओळीपाशी बोट थांबले. मग त्यांनी मान वर केली आणि घराच्या दिशेने, गेल्या नऊ वर्षांत कोणी ऐकली नव्हती अशी हाक दिली.

“अगो, शिवरामाचं आलंय गो!”

यमुनाबाई धावत आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. भागोजींनी त्यांना जवळ बसवून पाचही शब्द वाचून दाखवले, मग पहिली अक्षरे, मग मुलाचे नाव. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

मग पदराने तोंड पुसत त्यांनी मास्तरांना विचारले, कराचीत तांदूळ मिळतो का.

“मिळत असणार,” मास्तर म्हणाले.

पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्या उठून आत गेल्या, आणि डबे खाली काढल्याचे आवाज येऊ लागले. कराचीकडे जाणाऱ्या बोटीवर ओळखीचे कोण आहे, असे त्या आतूनच नवऱ्याला विचारत होत्या, आणि भागोजी एकेक नाव आठवून सांगत होते.