गारोवरचा आळ

"या नासधुसीपायी हे कुत्र्याचं पिल्लू दुपारच्या बोटीनं धाडलं जाणार," दुन्या म्हणाली. "पण मला ते निर्दोष वाटतं. माझा संशय शेजारच्या पेरिनावर आहे."

पाग बेटावरच्या त्या घरात खासगी गुप्तहेर नेवेन्का आणि तिचा सोबती फ्राने पसारा पाहत होते. सुताचे गुंडे चघळून ओलेचिंब झालेले, विणायची उशी फाटून भुसा खोलीभर. मधोमध चर्चच्या वेदीसाठीची लेस, ऐन मध्यावर तुटलेली. दुन्याच्या सासूबाई, येले, वर्षभर ती विणत होत्या. ते पिल्लू, काळा गारो, अंगणात बांधलेला होता, नाकाला भुसा लागलेला.

नेवेन्कानं लेस चाचपली. "कोरडी आहे." तिनं ती उजेडात धरली. कडेचे टाके रेखीव होते, मध्याकडे वेडेवाकडे. दोऱ्यांची तुटकी टोकं मात्र सरळ रेषेत.

"सकाळी या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती," दुन्या म्हणाली. "मी उघडलं, तर गारो आत."

शेजारीण पेरिना फणकारली. "मीही विणते, म्हणून हिची लेस नासवीन? महिनाभर येले मला उंबराही ओलांडू देत नाही."

येले स्वयंपाकघरात होत्या. सहाफुटी, मिशाळ फ्राने न बोलता आत शिरला.

"दुन्या, कॉफी ओत गं," त्या म्हणाल्या.

"पेरिनाच," बाहेर येऊन फ्राने कुजबुजला. "धंद्यातली चुरस."

नेवेन्कानं नकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांना येलेंपाशी बसवलं.

"सूत आणि उशी गारोनंच नासवली. पण लेसला त्याचं तोंडही लागलेलं नाही. ती कात्रीनं कापली आहे. आणि कुत्रं आत शिरून बाहेरून कडी घालत नाही. त्याला कुणीतरी कोंडलं. पेरिनाला घरात येणंच बंद. दुन्यानं केलं असतं, तर मला बोलावलं नसतं. येलेबाई, तुम्ही फ्रानेला सून समजलात. डोळे कधीपासून गेले?"



"उन्हाळ्यापासून," येले म्हणाल्या. "मधले टाके बोटांना चुकीचे लागत होते. पेरिनाला ते दिसले असते, म्हणून तिला येऊ दिलं नाही; शेवटी लेस कापली आणि आळ गारोवर यावा म्हणून त्याला कोंडलं. दिसत नाही म्हटलं असतं, तर सुई काढून घेतली असती तुम्ही. कुत्र्याला बोटीनं धाडाल, हे मनात आलं नव्हतं."

फ्राने खाली मान घालून बसला. दुन्या अंगणात गेली आणि तिनं गारोची दोरी सोडली.

"मधला भाग मी विणते," पेरिना येलेंना म्हणाली. "नाव तुझंच राहील."

"तुझे टाके ढिले असतात," येले म्हणाल्या.  "रोज संध्याकाळी आणून दे. मी बोटांनी तपासीन."