आरोळीनंतर आजी थांबायची

त्या शनिवारी मला फक्त भाजीच्या गाडीवर उभं राहायचं होतं. मॉड मावशी खोकल्यानं अंथरुणाला खिळली होती. मी निघताना ती एवढंच म्हणाली, "एटी, आजही माल उरला, तर सोमवारपासून आपली जागा पर्सीची. शब्द दिलाय मी त्याला."

आजी वसंतात गेली. क्रॅबट्री लेनमधली ती जागा तिच्या आईपासून आमची. गाडी तीच होती, बीट-गाजरंही तीच. नव्हती फक्त आजीची आरोळी. मावशीची छाती अधू, आणि मला तर शाळेत हजेरी देतानाही घाम फुटतो. तिथे मी हेटी असते. आमच्या पूर्व लंडनात तो 'ह' सगळे गिळतात, आणि बाई तो वर्गासमोर माझ्याकडून घोटून घेतात. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते.

दुपार कलली आणि धुकं उतरलं. पिवळं, कोळशाच्या धुराचं, जिभेवर कडवट लागणारं. समोरचं दुकान गेलं, मग रस्ता गेला. शेजारच्या गाडीवरची पर्सीकाकाची बत्ती तेवढी सूं सूं करत राहिली.

"काय गं राणी, बीटं विकतेस की राखण करतेस त्यांची?" तो म्हणाला. "ओरड की! फ्लॉसीची नात ना तू? ती ओरडली की नदीवरची जहाजं भोंगा वाजवायला विसरायची."

"मला नाही जमत, काका."

"मग सोमवारी माझे कांदे शोभतील तिथे."

तो हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. त्यालाही आजीची आठवण यायची.

अगदी जवळून पावलं वाजत जात होती. पण गिऱ्हाइकांना मी दिसतच नव्हते. शेवटी मी आजीच्या खोक्यावर चढले आणि तोंड उघडलं. शाळेतला आवाज आलाच नाही. आला तो आमचा, पोटातून, 'ह' गिळणारा, स्वर लांबवणारा.

"लालेलाल बीट! गोड गाजरं! पोट भरा, पोट!"

आणि मी थांबले. आजी नेहमी तशीच थांबायची, मान जराशी कलती करून. आम्हाला वाटायचं, तिला दम लागतो.

गल्लीच्या त्या टोकाकडून, जिथे युद्धात बॉम्ब पडल्यापासून नुसता राडारोडा आहे, एका तरुणाचा आवाज आला.

"हात शेका, हात!"

पर्सीकाकाच्या हातातला तराजू खणकन पडला.

"काका... कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही. कुंपण आहे तिकडे." तो जवळ आला. "वॉली असा ओरडायचा. तुझ्या आजीचा धाकटा भाऊ. त्या टोकाला चेस्टनटची फळं भाजून गरम पुड्या विकायचा. ती म्हणायची 'पोट', तो म्हणायचा 'हात'. बॉम्ब पडला तेव्हा तो गाडीपाशीच... पोरी, आता ओरडू नकोस."

पण धुक्यातून एक बाई पुढे आली होती. "फ्लॉसीचीच गाडी ना ही? तरी म्हटलं, आवाज ओळखीचा." तिच्यामागे आणखी कुणी कुणी आले. मी गप्प बसले असते, तर ती सगळी पुन्हा धुक्यात गेली असती.

मी पुन्हा ओरडले. उत्तर आलं... जरा जवळून, गुत्त्याच्या कोपऱ्यावरून. पुन्हा ओरडले. आता ते चांभाराच्या दुकानापाशी होतं. इतका मोठा, इतका आमचा आवाज माझ्यात होता, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. शेवटचं गाजर गेलं तेव्हा उत्तर माझ्या पाठीशी आलं. मी वळून पाहिलं नाही.

"जागा तुमचीच," पर्सीकाका कुजबुजला आणि टोपी काढून उभा राहिला. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत.

धुक्यातून चाचपडत गाडी घरी आणायला फार वेळ लागला. मावशी शाल गुंडाळून दारात आली.

"विकलंस?"

"सगळं."

"ओरडलीस? तू?"

"आपल्या आवाजात."

तिचे डोळे भरले. मग ती गाडीवर वाकली. "मग हे काय उरलंय?"

रिकाम्या गाडीच्या तळाशी कागदाची एक पिळलेली पुडी होती. मावशीनं ती उचलली आणि चटका बसल्यासारखी टाकून दिली. भाजलेले चेस्टनट फरशीवर घरंगळले. त्यांच्यातून अजून वाफ निघत होती.