सुरईच्या बुडाशी अर्धं बोट

द्राक्षतोडणी संपली होती. नव्या वाइनसाठी मला एक सुरई हवी होती, म्हणून भर दुपारी मी पुच्चोकडे गेले. एवढंच काम होतं. पुच्चो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, नेसाचा, नवरा. आमच्या ओर्विएतो गावाखालच्या कड्यात कोरलेल्या गुहेत त्याची भट्टी आणि चाक. नेसाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

आत शिरले तर जात्याची घरघर. शिसं आणि कथील जाळून त्याचं भस्म करतात आणि ते पाण्यात कालवून दगडी जात्यात दळतात. सुरईवरची पांढरी झिलई त्याचीच. नेसाने ते जातं सहा वर्षं ओढलं. शिसं अंगात भिनत गेलं: आधी पोटात मुरडा, मग हिरडीवर काळी रेघ, शेवटी मनगटं अशी लोंबायला लागली की चमचासुद्धा धरवेना. आता जात्याशी तिची नऊ वर्षांची लेक लिप्पा बसली होती.

"मावशी, पोटात दुखतंय," ती म्हणाली.

मी तिचा ओठ वर केला. रेघ होती. बारीक, पण होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुच्चो, आईला खाल्लंस, ते पुरलं नाही?"

"हळू बोल, ताई. भट्टी उघडतोय." तो भट्टीच्या तोंडाशी रचलेल्या विटा काढत होता. "मग दळणार कोण? तू?"

"तुझे हात झडलेत का?"

"माझे हात चाकावर असतात. दळण बायकांचं."

त्याने शेवटची वीट काढली. आत काळोख होता आणि थंड होणाऱ्या सुरया टिंग... टिंग... वाजत होत्या. तो आवाज नेहमीचाच. पण भट्टीतून कोरडा, भाजका वास यायला हवा, तिथे ओल्या भस्माचा, आंबूस वास आला. नेसाच्या कपड्यांना यायचा तो.

भट्टीतल्या पहिल्या सुरईतून मालकाने वाइन प्यायची, असा आमच्याकडे रिवाज. पुच्चोने ती बाहेर काढली, उपडी केली आणि तो थबकला.

"ताई... हे बघ."

झिलईत बुडवताना सुरई बुडाशी धरावी लागते. जिथे बोटं टेकतात तिथे झिलई चढत नाही, तांबडी माती उघडी राहते. ज्याचा हात, त्याची खूण. या बुडाशी अंगठा होता, तीन बोटं होती, आणि एक अर्धं. नेसाची करंगळी लहानपणी विळ्याने तुटली होती.

"तिच्या हातची राहिली असेल," मी म्हणाले.

"मंगळवारी मी बुडवली. सगळ्या मीच..."

त्याने दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्यांवर तेच अर्धं बोट.

"लिप्पा, थांबव गं ते जातं," तो खेकसला.

"मी इथे आहे, बाबा."

लिप्पा माझा घागरा धरून मागे उभी होती. घरघर चालूच होती. आम्हा तिघांपैकी कुणीच तिकडे वळून पाहिलं नाही.

मग सुरई फुटली. पुच्चोने टाकली नव्हती. त्याची दोन्ही मनगटं खाली लोंबली होती आणि तो त्यांच्याकडे दुसऱ्याचे हात असल्यासारखा बघत होता. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मी लिप्पाला घेऊन निघाले. जाताना एक सुरईही उचलली. नेसा माझी बहीण, मला काय भ्यायचंय, असं वाटलं.

लिप्पाची रेघ आता गेली आहे. ती अंगणात कोंबड्यांमागे पळते, भरपूर जेवते.

पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, तुला सांगते. त्या सहा वर्षांत नेसा माझ्याकडे यायची, पोट धरून बसायची. आणि मी म्हणायचे, "सोस जरा. नवऱ्याचं घर आहे." दर वेळी हेच म्हणाले, आणि तिला परत पाठवली. पुच्चोला एका शब्दाने विचारलं नाही.

ही सुरई घरी आणली तेव्हा ठसे फक्त बुडाशी होते. मग एक सुरईच्या पोटावर दिसला, नंतर तिच्या गळ्याशी. भाजलेली झिलई अशी आपोआप जात नाही. काल तिच्या मुठीवर उमटला, मी जिथे धरते तिथेच. अर्ध्या बोटाचा.

आज तुला वाइन ओतताना मी ती दोन्ही हातांनी धरली होती, ते तू पाहिलंस. एका मनगटाने आता पेलवत नाही.