जिभेने ओला केलेला तुकडा

लाकूड ओळखायला घाई चालत नाही. आधी टोकाकडून धारदार पटाशीने पातळ काप काढायचा, ती जागा ओली करायची आणि भिंगाखाली धरायची. ओलं झालं की लाकडातली छिद्रं आणि वलयं उठून दिसतात. शाळेत सुतारकाम शिकवताना मुलांना इथवर आणायला मी अख्खा आठवडा घेत असे. पाण्याची वाटी आणायला कुणी उठलं की वर्ग गप्पांना लागायचा, म्हणून मीच सांगून टाकलं होतं, "जीभ लावा, काम संपलं." मुलं खूश. त्याच वर्गात पहिल्या बाकावर माझी मुलगी बसायची.

फळ्या पाठवल्या तिच्या सासऱ्यांनी. तिला सातवा महिना लागला होता आणि ती माझ्याकडे राहायला आली होती. आधीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलेलं, त्यामुळे या वेळी आनंदसुद्धा आम्ही हळू आवाजातच करत होतो.

"मास्तर, जुनं गोदाम पाडलं त्यात निघाल्या," व्याही फोनवर म्हणाले. "पाळणा करा. लाकूड कसलं ते मला विचारू नका. मला साग आणि सरपण एवढंच कळतं."

"मला कळेपर्यंत तरी काम सुरू होणार नाही," मी म्हणालो. "बाळं पाळण्याची कड चोखतात. काही लाकडं अंगावर उठतात."

"बरं. नातवंडाचं लग्न ठरायच्या आत कळू द्या."

एका फळीच्या टोकाचा पाव विटेएवढा तुकडा मी कापून घेतला. ताज्या कापलेल्या लाकडाला काही ना काही वास असतोच. याला नव्हता. बादलीत टाकला तर तरंगला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनशे दहा ग्रॅम भरला. माझ्या पेटीत नमुन्याचे साठ तुकडे आहेत, एकाशीही जुळेना. मोठं भिंग आणायला आत गेलो आणि परत आलो, तर मुलगी तुकडा तोंडाशी धरून उभी.

"अगं, अनोळखी लाकूड चाटतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. आता ओरडा." ती हसली. "चवच नाही, बाबा. काच चाटल्यासारखं वाटतं."

कापलेल्या बाजूवर तिच्या जिभेची ओली खूण उमटली होती. संध्याकाळपर्यंत ती वाळली नाही.

लाकूड वाळत असेल तर त्याचं वजन रोज थोडं उतरतं. उतरायचं थांबलं की ते कामाला तयार. म्हणून मी रोज सकाळी तुकडा काट्यावर ठेवून वहीत आकडा लिहू लागलो. दुसऱ्या दिवशी तीनशे अडतीस. काटा बिघडला म्हणावं, तर साखरेची किलोची पिशवी बरोबर किलो भरली. तिसऱ्या दिवशी तीनशे सहासष्ट. पट्टी लावून पाहिली; लांबी, रुंदी, जाडी होती तेवढीच. दहाव्या दिवशी बादलीत टाकला तर दगडासारखा तळाशी गेला. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. इतक्या वर्षांत असं कोडं कुणी घातलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी मुलीला घेऊन तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई बराच वेळ सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"दोन आठवड्यांत बाळ वाढलंच नाही," त्या म्हणाल्या. "चारशे ग्रॅमच्या आसपास भर पडायला हवी होती. आणखी आठवडाभर बघू. नाहीतर लवकर बाहेर काढावं लागेल."

परतताना मुलगी पिशवी पोटाशी धरून बसली होती.

घरी आल्यावर ती आडवी झाली आणि मी वही उघडली. त्या सकाळचा आकडा सातशे दोन. त्यातून तीनशे दहा गेले. वजाबाकी मी दोनदा केली.

तीनशे ब्याण्णव.

तुकडा शिकंज्यात आवळला आणि करवत लावली. दुसऱ्याच ओढीला आतून हाक आली.

"बाबा."

मुलगी उठून बसली होती. दोन्ही हात पोटावर.

"काय झालं?"

"काही नाही. आतून कुणी खरवडल्यासारखं झालं."

मी करवत खुंटीला अडकवली. मग जाळायचं तर नावच नको.

चूक कुठे झाली ते कळत नसेल तर पहिल्या पायरीपासून पुन्हा करून बघा, असं मी मुलांना सांगत असे. इथली पहिली पायरी कोणती ते मला माहीत होतं. तिची खूण अजून ओली होती.

मी त्याच खुणेवर जीभ ठेवली. चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुकडा पुन्हा अठ्ठावीस ग्रॅमने वाढला. पण चहा घेताना मुलगी म्हणाली, "आज सकाळपासून लाथा मारतोय हो." आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी बाळाचं वजन दोनदा तपासलं; ते पुन्हा वाढू लागलं होतं.

मी रोज सकाळी जीभ लावत राहिलो. एकदा तापात राहून गेलं, तर दुपारपर्यंत पोटातली हालचाल थांबली. त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने आधी दोन भोकं पाडली, मग आणखी तीन.

"बाबा, किती वाळलात," मुलगी म्हणायची.

"मुरलेलं लाकूड आहे, बाई. वाळलं तरी तडकत नाही."

दिवस पूर्ण भरले आणि काल दुपारी ती मोकळी झाली. मुलगा. वजन छान. नर्सने माझ्या हातात दिला तेव्हा त्याने जांभई दिली आणि नखाएवढी जीभ दिसली.

आज सकाळी तिचे कपडे घ्यायला घरी आलो. कालपासून घर बंद होतं आणि किल्ली माझ्याच खिशात. आता जीभ लावायची गरज नाही, नुसतं पाहून यावं, म्हणून तुकडा ठेवला होता त्या खोलीत गेलो.

तुकड्यावरची माझी खूण पहिल्यांदाच कोरडी पडली होती.

तिच्या शेजारी एक नवी ओली खूण होती. गोल, माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा लहान.

बोट लावून पाहिलं. कोमट होती.